वाकळेचे टाके मोजा

गेल्या १ जूनला कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका गल्लीत आक्कांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. आक्का हयातभर वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवत आल्या आहेत. गल्लीतल्या बहुतेक घरांत त्यांच्या हातची एखादी तरी वाकळ आहेच. मंडळाच्या पोरांनी मांडव घातला, बायकांनी ओवाळलं, शाल-श्रीफळ झालं आणि चौघे जण बोलले. चौघेही मनापासून बोलले. पण चारही भाषणांचा सूर एकच होता आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो. आक्कांबद्दल इतक्या प्रेमानं बोलताना आपण त्यांच्यावरचा जुना अन्यायच पुढे चालवतो आहोत. म्हणून हा प्रतिवाद. त्या चौघांचा मान राखून, पण त्यांच्या म्हणण्याला पुरता विरोध करून.

म्हणणं असं होतं. आक्कांनी टाकून द्यायच्या चिंध्यांचं सोनं केलं. शेत आणि घर सांभाळून, फावल्या वेळात केलं. टाक्याटाक्यात माया ओतली, म्हणून त्यांच्या वाकळेची किंमत पैशात होऊच शकत नाही.

ऐकायला गोड वाटतं. पण ही तीन वाक्यं एकाखाली एक मांडून बेरीज करा. चिंध्या टाकाऊ, म्हणजे माल फुकट. वेळ फावला, म्हणजे कष्ट फुकट. माया अमोल, म्हणजे दाम मागायची सोय नाही. पन्नास वर्षांच्या कामाचा भाव शून्य ठरतो, आणि तो शून्य टाळ्यांच्या गजरात ठरतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. वाकळ शिवणं हे कसबाचं काम आहे. त्याला लागणारे कष्ट मोजता येतात. जी ते करते तिला दाम मिळालं पाहिजे आणि कामावर तिचं नाव लागलं पाहिजे.

आधी चिंध्यांचं बघू.

वाकळेत जाणारं कापड टाकाऊ असतं, हे जुन्या घरात वाढलेल्या माणसानं म्हणू नये. आपल्या भागात बायकांच्या अंगावर इलकल लुगडी असायची, नऊवारी, सुती. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही धड टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं नेसायचं. मग त्याचे परकर व्हायचे, बाळाची दुपटी व्हायची. त्यातून उरलेलं जुनेर वाकळेत जायचं, आणि वाकळही विरली की तिचं पोतेरं व्हायचं. या साखळीत कापड टाकून द्यायची पायरी कुठेच नाही. बोहारीण दारात यायची तेव्हा जुन्या साड्यांवर पातेलं मिळायचं आणि त्यावर अर्धा-अर्धा तास घासाघीस चालायची. ज्या कापडावर भांडं मिळत होतं, ते बाईनं भांड्यासाठी न देता वाकळेसाठी बाजूला ठेवलं. तिनं घरात भांडवल घातलं, असाच त्याचा अर्थ होतो.

शिवाय मिळेल ती चिंधी वाकळेत जात नाही. कोणतं कापड वर घ्यायचं, कोणतं तळाला, कोणतं मधल्या भरणाला, याची निवड असते. वरचं आणि तळाचं कापड धड लागतं, कारण घासणी तेच सोसतं. मधे विरलेलं चालतं, पण ते सगळीकडे सारखं पसरावं लागतं, नाहीतर वाकळेत गाठी होतात आणि रात्रभर पाठीला टोचतात. नवं कोरं कापड जुन्याबरोबर घातलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वाकळ चुण्या पडून आखडते, म्हणून ते आधी धुऊन घ्यावं लागतं. कच्च्या रंगाचं कापड वेगळं काढावं लागतं. शिंप्याकडचं कात्रण आणलं तर त्यातून सुती आणि टेरिकॉट हातानं चाचपून निवडावं लागतं. हे ज्ञान आहे. ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

हिशेबही असतो. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फुटांचे चार थर मिळतात, माणसाच्या उंचीला पुरून थोडे उरणारे. पन्हा साधारण चार फुटांचा. म्हणजे दोन लुगड्यांत एका माणसाची आठ थरांची वाकळ बसते आणि कापड जवळपास वाया जात नाही. शाळेत दुसरीपुढे न गेलेल्या आक्का हे गणित उभ्या उभ्या करतात.

चिंधीला किंमत असते, हे ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी अहमदाबादेकडे बघावं. तिथे दरियापूर भागातल्या मुस्लिम बायका गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवत. चिंधी व्यापाऱ्याकडून यायची, खोळ व्यापाऱ्याकडेच जायची आणि मजुरी नगावर मिळायची, तीही तुटपुंजी. इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना काढली आणि पुढे या बायका तिच्यात आल्या. त्यांनी दर वाढवून मागितला तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणंच बंद केलं. तेव्हा संघटनेनं थेट गिरण्यांकडून चिंधी मिळवली आणि बायकांची ‘सबीना’ ही सहकारी संस्था उभी राहिली. चिंधी जर कवडीमोलाची असती, तर ती आपल्या हातून जाऊ नये म्हणून व्यापारी इतके हटून बसले असते का? चिंधी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात कामाचा दर, हे व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईच्या घरात कापड तिचं स्वतःचं आहे, तिला ते फक्त सांगितलं जात नाही.

आता फावल्या वेळाचं बघू.

साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी साधी वाकळ घ्या. लांबीच्या दिशेनं, इंचाइंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर ४८ ओळी होतात. एक ओळ ७८ इंचांची. सगळ्या मिळून ३,७४४ इंच, म्हणजे ३१२ फूट शिलाई. इंचाला तीन टाके धरले तर अकरा हजारांवर टाके झाले. कापडाच्या सात-आठ थरांतून सुई काढायची असते, म्हणून मिनिटाला दहा टाके धरू. नुसत्या सुईचे जवळजवळ एकोणीस तास होतात. त्याआधी कापड धुणं, जुन्या शिवणी उसवणं, तुकडे कापणं, ते जोडून वरचा थर तयार करणं, जमीन सारवून किंवा पुसून सगळे थर ताणून अंथरणं, कडांना दगड ठेवणं, थर सरकू नयेत म्हणून कच्चे टाके घालणं, हे सगळं असतं. नंतर चारी कडा दुमडून पक्क्या करायच्या. त्याला आणखी एक अख्खा दिवस धरा. म्हणजे आठ तासांच्या हिशेबानं साडेतीन दिवस झाले. ओळी जवळ घेतल्या तर हेच काम दुप्पट होतं, आणि टिकाऊ वाकळेच्या ओळी जवळच असतात.

साडेतीन दिवसांची मजुरी किती? महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्यानं हजारावर रुपये होतात. हा अकुशल कामाचा दर आहे, खोदकामाचा आणि मातीकामाचा. रोजगार हमीची कल्पना आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी पुढे आणली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली आणि बायकांनी खडी फोडली. १९७७ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्यामागचा विचार सरळ होता. जो घाम गाळतो, त्याला त्याचं दाम मिळालं पाहिजे, मग तो पुरुष असो की बाई. सरकार खडीचे ढीग मोजतं, कारण ते मोजता येतात. टाकेही मोजता येतात. आपण ते मोजले नाहीत, एवढंच.

आणि हा वेळ फावला असतो का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि तसं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. पावणेपाच तास उलटून गेल्यावर जो वेळ उरतो, तो झोपेचा आणि विश्रांतीचा असतो. वाकळ शिवली जाते ती त्यातून काढलेल्या वेळात. साखर कारखान्याचा हंगाम संपून मृग लागेपर्यंतचे जे दिवस, त्यात आपल्याकडे वाकळा शिवायला काढतात. त्याच दिवसांत शेणी थापायच्या असतात, सांडगे-पापड करायचे असतात, वर्षाची चटणी कुटायची असते. आक्का सकाळी भांगलायला जात, दुपारी परतून घरचं करत आणि उन्हाची तिरीप ओसरीतून हटेपर्यंत सुई चालवत. ही दिवसाची दुसरी पाळी होती. तिला फावला वेळ म्हणणं म्हणजे कष्ट डोळ्यांसमोर असून न बघणं होय.

तिसरं विधान सर्वांत अवघड आहे, कारण त्यात खरेपणा आहे. वाकळेत माया असते, हे मी नाकारत नाही. नातवासाठी शिवलेल्या दुपट्यात आजोबांचा फेटा आणि आजीचं लुगडं एकत्र येतात, आणि त्या कापडाला अंगाचा जो मऊपणा आलेला असतो तो बाजारात विकत मिळत नाही. आक्कांनी आपल्या नातवंडांसाठी जे शिवलं त्याचा भाव कुणी विचारू नये. ते त्यांचं देणं आहे.

पण गल्लीतल्या चाळीस घरांनी जुनी लुगडी आणून आक्कांच्या ओसरीवर टाकली, “आक्का, तेवढी एक शिवून द्या की,” म्हटलं आणि वाकळ नेताना चहापत्ती-साखरेवर भागवलं, तिथे माया कुणाची आणि फायदा कुणाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माया देणाऱ्याची असते. घेणाऱ्यानं ती हक्कानं मागायची नसते. खासबागेच्या मैदानात पैलवान इनाम घेतो, म्हणून तांबड्या मातीवरची त्याची निष्ठा उणी ठरत नाही. कीर्तनकार बिदागी घेतात, म्हणून त्यांच्या भक्तीवर कुणी शंका घेत नाही. पैशानं प्रेम बाटतं हा नियम आपण फक्त घरातल्या बाईच्या हातच्या कामालाच लावतो. जो नियम अर्ध्याच माणसांना लागू होतो, तो नियम नव्हे. ती सवलत आहे, आणि ती उरलेल्या अर्ध्यांना मिळते.

एका वक्त्यांनी गाडगेबाबांचं नाव घेतलं. चिंध्यांचा अंगरखा घालणाऱ्या, लोकांनी ज्यांना गोधडेबुवा म्हटलं त्या बाबांमुळे गोधडी पवित्र झाली, असं ते म्हणाले. बाबांचं नाव घ्यायचं तर पुरतं घ्यावं. बाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, गाव झाडत आणि मग भाकरी स्वीकारत. कष्टाशिवाय भाकर घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा होता. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यानं कष्ट केले त्याची भाकर अडवायची नाही. गाडगेबाबांना स्मरून बाईचं काम फुकट घेता येत नाही.

आपला जिल्हा तर मोजण्यात कुणाला हार जाणारा नाही. बावड्यातच छत्रपती राजाराम साखर कारखाना आहे. ऊस काट्यावर चढला की किलोचा फरक खपवून घेत नाहीत. उसाच्या दरासाठी इथल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, वाहनं रोखली, लाठ्या खाल्ल्या. दुधाचंही तसंच आहे. घरच्या गोठ्यातलं दूध एके काळी शेजाऱ्याला तांब्याभर असंच दिलं जाई, आणि त्या गोठ्यातलं शेण-पाणी, वैरण, धार हे बहुतेक बाईचंच काम होतं. १९६३ साली जिल्हा दूध संघ उभा राहिला, गावोगाव डेअऱ्या झाल्या, दुधाची फॅट लागू लागली आणि बिलं येऊ लागली. तेव्हापासून गोठ्यातल्या कामाला घरात आवाज आला. दूध मोजल्यामुळे कुणाची म्हशीवरची माया आटली नाही. शेजारच्या बाळंतिणीला आजही दूध असंच दिलं जातं. फरक इतकाच की देणारी आता आपखुशीनं देते आणि काय दिलं ते तिला ठाऊक असतं. मला वाकळेसाठी नेमकं हेच हवं आहे.

दामाइतकाच नावाचा प्रश्न मोठा आहे.

आक्कांचा वाढदिवस १ जूनला असतो तो कागदावर. त्या नेमक्या कधी जन्मल्या ते घरात कुणाला आठवत नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिला, आणि महाराष्ट्रातल्या त्या पिढीच्या असंख्य माणसांप्रमाणे तोच त्यांचा जन्मदिवस झाला. याच कसबा बावड्यात, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये, २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराज जन्मले. तो दिवस राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो आणि पाळलाच पाहिजे. पण ज्या राजानं शिक्षणाची दारं सर्वांना उघडली, वसतिगृहं काढली, १९०६ साली कापडाची गिरणी काढून गावाला रोजगार दिला, त्याच्या जन्मगावात आपण न्याय या शब्दाचा विचार आक्कांच्या ओसरीपर्यंत न्यायला हवा. ज्या बाईच्या जन्माची नोंद झाली नाही, तिच्या कामाचीही नोंद होत नाही. आपल्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार आहेत. शिंपी, परीट, चांभार आहेत. बुरूडकाम करणारे, जाळी विणणारे आणि हार गुंफणारेही आहेत. सगळे योग्यच आहेत. पण गोधडी-वाकळ शिवणारी त्या यादीत नावानं नाही. वाकळ धुणाऱ्याला सरकार कारागीर मानतं आणि ती शिवणारीला ओळखत नाही. ही उणीव भरून निघाली पाहिजे, आणि त्यासाठी आधी आपण तिला कारागीर म्हणायला शिकलं पाहिजे.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. तेव्हा आपण सारे पेटून उठलो. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या चपलेचा उल्लेखही नाही, हे आपल्याला सहन झालं नाही. कंपनीला त्या चपलांमागची प्रेरणा मान्य करावी लागली आणि तिची माणसं कोल्हापुरात आली. तो राग रास्त होता. मग तोच न्याय घराच्या उंबऱ्याच्या आत का नको? आपल्या ट्रंकेतल्या वाकळा कुणी शिवल्या, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? परक्यानं नाव गाळलं तर ती चोरी आणि आपण गाळलं तर ती रीत, असं होऊ शकत नाही.

नावाबरोबर दामाची बाजू राहून गेली की काय होतं, हेही जगानं पाहिलं आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका गुलामांच्या वंशातल्या, कापसाच्या शेतावर राबणाऱ्या. शेतावरचे झिजलेले कपडे जोडून त्या पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवत आल्या. १९६६ साली त्या भागात गोधड्या विकण्यासाठी बायकांची सहकारी संस्था निघाली. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी त्यांना मोठ्या चित्रकारांच्या पंक्तीला बसवलं, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये त्यातल्याच काही जणींना आपल्या कामाचा नीट मोबदला मिळाला नाही म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. जगभराची वाहवा मिळूनही हिशेबाचा प्रश्न शिल्लकच राहिला. तेव्हा कौतुक आधी आणि पैशाचं नंतर बघू, असं जे म्हणतात त्यांचं मला पटत नाही. नंतर कुणी बघत नाही.

आता विरोधातले जे खरे मुद्दे आहेत, त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिला मुद्दा: बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं, मग हजाराच्या पुढची वाकळ कोण घेणार? ब्लँकेट स्वस्त आहे हे मान्य. ज्याला तेवढंच परवडतं त्यानं ते घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण तुलना नीट व्हावी. ते ब्लँकेट बहुधा पॉलिएस्टरचं असतं. घाम शोषत नाही, फाटलं की दुरुस्त होत नाही आणि मग वर्षानुवर्षं कुजत नाही. सुती वाकळ दरसाल नवरात्राच्या आधी पंचगंगेवर धुतली जाते, उन्हात कडक वाळते. विरली की तिच्यावर नवं कापड चढवून पुन्हा शिवता येते. अनेक घरांत आजच्या वाकळेच्या पोटात आजीची वाकळ आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकली, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर फोमच्या गाद्या रस्त्याकडेला फेकून द्याव्या लागल्या. चिखलात भिजलेली वाकळ मात्र उसवता येते, थर सुटे करून धुता येतात आणि पुन्हा शिवता येते. वापराच्या वर्षांनी किंमत भागा, मग महाग काय ते ठरवा. जगात नवं कापड करण्यासाठी परत वापरात येणाऱ्या जुन्या कपड्यांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, असं एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानं सांगितलं. ज्या प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्या आज उपाय शोधत आहेत, त्यातला एक भाग बावड्यातल्या ओसरीवर सुटत होता.

दुसरा मुद्दा: आता सुती लुगडी राहिलीच कुठे? हा आक्षेप खरा आहे. आजच्या बहुतेक साड्या पॉलिएस्टरच्या. त्यावरून सुई घसरते, टाका नीट बसत नाही आणि उन्हाळ्यात ती वाकळ अंगावर घेववत नाही. पण चादरी, बनियन, सुती शर्ट, कुर्ते घराघरात आहेत. तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी आहे. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि आज अख्खं शहर मागांवर चालतं. तिथून सुती कापडाचे तुकडे वजनावर मिळू शकतात. मग कापड विकत घ्यावं लागेल, म्हणजे वाकळेच्या किमतीत कापडाचाही भाव धरावा लागेल. माल फुकट असतो ही समजूत त्यानंच सुटेल.

तिसरा मुद्दा: मशीनवर शिवली की स्वस्त पडेल. मशीनवर जरूर शिवावी, त्यात वाईट काही नाही. पण मशीनची वाकळ हातशिलाईची म्हणून विकू नये आणि हातशिलाईचा दर मशीनशी ताडून पाडू नये. शहरांतल्या दुकानांत हाताच्या गोधड्या काही हजारांना जातात. तिथे विकत घेणाऱ्यानं एक प्रश्न आवर्जून विचारावा, शिवणारीच्या हातात यातले किती पडले? घरबसल्या नगावर काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली करार केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. कायदा येईल तेव्हा येईल. गिऱ्हाइकाचा प्रश्न आजही विचारता येतो.

करायचं काय, तेही सांगतो. वाकळ शिवायला देताना दर आधी ठरवा. लांबी-रुंदी, थर आणि ओळींतलं अंतर यावर तो ठरवता येतो, जसा दुधाचा फॅटवर ठरतो. गल्लीतल्या दहा शिवणाऱ्या बायकांनी एकत्र बसून एकच दरपत्रक केलं, तर कुणा एकीला भीड पडणार नाही. बचत गट आहेतच, त्यांना हे काम सहज जमेल. वाकळेच्या एका कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल टाक्यानं घाला. लिहिता येत नसेल तर तिची स्वतःची खूण असू दे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती दिवे आणि अडकित्ते मानानं मांडलेले आहेत. शाहू जन्मस्थळाच्या आवारातही बावड्याच्या बायकांनी शिवलेली वाकळ मांडली जावी, आणि तिच्याखाली ‘लोककला’ एवढंच न लिहिता बाईचं नाव लिहावं. विश्वकर्मा योजनेच्या यादीत या कामाची भर घालावी, असा ठराव महापालिकेनं करून पाठवावा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त बोचला. एक वक्ते हळहळून म्हणाले, आजकालच्या मुली सुई हातात धरत नाहीत, ही माया आता संपत चालली. मुलींना दोष देण्याआधी त्यांनी काय पाहिलं ते बघा. त्यांनी आईची बोटं सुईनं चिरलेली पाहिली. वाकून वाकून धरलेली कंबर पाहिली. वाकळ नेणारी माणसं हसतमुखानं जाताना पाहिली आणि आईच्या हातात काही न पडलेलं पाहिलं. आपल्या कामाला भाव असावा असं त्यांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. ज्या कामाला दाम नाही आणि नाव नाही, ते काम पुढच्या पिढीनं केवळ मायेपोटी चालवावं, अशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला नाही. दाम मिळालं तर याच मुली शिकतील, नवे नमुने काढतील, आक्कांपेक्षा पुढे जातील. मिळणार नसेल, तर त्यांनी सुई खाली ठेवावी, आणि वाकळ नामशेष होण्याची जबाबदारी मग ती फुकट पांघरणाऱ्यांनी घ्यावी.